देवीपुढे ठेवलेला फॉर्म सोळा

पगारातून आयकर कापला गेला म्हणून खूश झालेला माणूस मी आजवर एकच पाहिला, तो म्हणजे सहदेव पालव.

सहदेव आमच्या मुलुंडच्या पंपांच्या कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होता. वय बेचाळीस, अंगाने सडपातळ, खिशात कायम एक सहा इंची पोलादी पट्टी. मूळ मालवणाकडच्या खैरोलीचा. वडील परळच्या गिरणीत जन्मभर साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिले, हा आयटीआय करून इकडे लागला. एका डायच्या भोकात चार शतांश मिलिमीटर जास्त गेले, तेव्हा इन्स्पेक्शनवाल्यांनी पाहायच्या आधी यानेच त्या डायवर तांबड्या रंगाने फुली मारली आणि स्वतःच्या हाताने भंगाराच्या पेटीत टाकली. तीन दिवसांचं काम होतं ते. फोरमनने विचारलं, कोणाला कळलं असतं? सहदेव म्हणाला, मला कळलंच होतं की.

तर पंच्याऐंशी साली युनियनचा करार झाला, मागची थकबाकी मिळाली, त्यात ओव्हरटाइम जमा झाला आणि सहदेव आयुष्यात पहिल्यांदा आयकराच्या रेषेवर चढला. वर्षाचे तीनशे अठ्ठेचाळीस रुपये कापले. बाकीचे लोक पगाराच्या खिडकीवर शिव्या देत होते. सहदेव मात्र शहाऐंशीच्या एप्रिलअखेर हातात पडलेला तो टाइप केलेला कागद, फॉर्म सोळा, दोन बोटांत कडेने धरून टूलरूमभर फिरला. वर्षभराचा पगार किती, कर किती कापला, सरकारजमा कधी झाला, सगळं त्यावर लिहिलेलं. खाली कंपनीचा शिक्का आणि सही.

लेथवरचा नंदू परब त्याचा गाववाला नसला तरी तालुकावाला होता, आणि त्या नात्याने त्याला वाटेल ते बोलायचा. तो म्हणाला, "सहदेवा, फ्रेम करून लाव भिंतीला. खाली लिही, या गृहस्थाच्या पैशावर देश चालतो."

सहदेवला ती कल्पना अगदीच वाईट वाटली नाही, असा माझा संशय आहे.

पण त्या कागदाला मिरवण्याखेरीज एक काम होतं. सहदेव भटवाडीत राहायचा, घाटकोपरच्या टेकडीच्या उतारावर. दहा बाय बारा खोली, बायको सुगंधा, आई पार्वती, दोन मुली. पाण्याचा नळ खाली गल्लीच्या तोंडाशी, अठ्ठावीस पायऱ्या उतरून. सुगंधा चौदा वर्षं त्या पायऱ्या चढत होती. एकदा सहदेवने हिशेब करून तिला सांगितलं होतं की आतापर्यंत तू इतकं पाणी वर नेलंस की आपल्या कारखान्याच्या पाच अश्वशक्तीच्या पंपाला अमुक इतका वेळ लागला असता. तिने त्याला कळशी दिली आणि सांगितलं, आता उरलेलं तुम्ही आणा.

त्या वर्षी सरकारी घरांच्या सोडतीत कांदिवलीला चारकोपची खोली त्यांच्या नावावर लागली. खोली, मोरी, आणि मोरीत स्वतःचा नळ. कर्ज देणाऱ्या बँकेने कागदांची यादी दिली, तिच्यात एक ओळ होती: फॉर्म सोळा जोडून भरलेल्या इन्कम टॅक्स रिटर्नची शिक्क्याची पोच. रिटर्न तीस जूनच्या आत भरायचं, पोच पाच जुलैपर्यंत बँकेत. नाहीतर कर्ज नाही, आणि कर्ज नाही तर खोली प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला. सुगंधाने ती यादी पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली होती, रोज दिसावी म्हणून.

मे महिन्यात पार्वतीआजी गावाला गेल्या. सहदेवला रजा नव्हती. जाताना त्याने फॉर्म सोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या पिशवीत ठेवला आणि सांगितलं, देवी सातेरीला दाखव, लहू गुरवाला गाऱ्हाणं घालायला सांग, की सहदेवचं घराचं काम निर्विघ्न होऊ दे.

यात आम्हाला कोणाला काही वावगं वाटलं नाही. कोकणातला माणूस नोकरी लागली, मुलगी पास झाली, लग्न ठरलं, की पहिला कागद ग्रामदेवतेपुढे ठेवतो. गुरव दोन्ही हात जोडून त्या माणसाच्या नावाने देवीला विनंती करतो, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. सहदेवच्या डोक्यात होतं ते एवढंच, की कागद ठेवायचा, गाऱ्हाणं व्हायचं, कागद परत यायचा.

आजी नऊ जूनला परत आल्या. फणसाचे गरे, कोकमं, कुळथाचं पीठ, सगळं पिशवीतून निघालं. सहदेवने पिशवी उलटी करून झटकली.

"आये, कागद खंय?"

"देवीकडे."

"देवीकडे म्हणजे? परत नाय आणलंस?"

आजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू हा मुंबईत राहून पार वाया गेलाय. "देवीम्होरा ठेवललो कागद परत आणतत काय रे? लग्नाची पत्रिका ठेवतंव, ती काय उचलून घरी आणतंव? तुझ्या बापाशीच्या येळेक पण मी तसाच केलंय."

पत्रिका खरोखरच कोणी परत आणत नाही.

सुगंधाने पिठाच्या डब्याचं झाकण काढलं, ती यादी नवऱ्यासमोर धरली आणि पुन्हा झाकण लावलं. मग कळशी उचलून खाली पाण्याला गेली. नंतर सहदेव नंदूला म्हणाला की ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो पगार विभागात गेला. तिथे रत्नप्रभा वर्तक बसत. आमच्यात त्यांना वर्तकबाई म्हणत. बावीस वर्षं कंपनीचे पगार त्या काढत होत्या आणि एकदाही एका पैशाची चूक निघाली नव्हती. साडीच्या पदराला पिन, टेबलावर ओल्या स्पंजाची वाटी, आणि मोठ्या टाइपरायटरवर सगळ्या कारखान्याचे फॉर्म सोळा त्यांनीच टाइप केलेले. त्या कोणाला घाबरत नव्हत्या, ऑडिटरलासुद्धा.

त्यांनी सांगितलं की काळजीचं कारण नाही. हरवला असेल तर साध्या कागदावर डुप्लिकेट देता येतो, तशी सोय आहे. हरवल्याचा अर्ज आणि स्टॅम्प पेपरवर हमीपत्र दे, दहा मिनिटांत टाइप करून देते.

सहदेव म्हणाला, "पण बाई, हरवला नाही."

"मग आणा."

"आणता येत नाही."

वर्तकबाईंनी चष्मा काढला. सहदेवने सगळी हकिगत सांगितली. त्या शांतपणे ऐकत होत्या आणि बाजूचा शिपाई तोंडावर फाइल धरून हसत होता.

"पालव," त्या म्हणाल्या, "हरवला म्हणून लिहा आणि मोकळे व्हा."

आमचं सगळ्यांचं मतही तेच पडलं. नंदूने तर अर्जाचा मजकूरही तयार केला, कागद सायकलवरून जाताना भांडुपच्या नाल्यात पडला म्हणून. वारा कोणत्या दिशेने होता तेही त्याने घातलं होतं. पण सहदेव हलेना. एक तर खोट्या मापावर त्याने कधी सही केली नव्हती. दुसरं कारण त्याने नंदूला हळू आवाजात सांगितलं. "अरे, देवीकडे सांभाळायला दिलेली वस्तू. ती हरवली असं मी लिहून द्यायचं? तेही स्टॅम्प पेपरवर?"

नंदूनेसुद्धा यावर कान खाजवला. तो नास्तिक असल्याचं सांगायचा, पण मालवण तालुक्यातला नास्तिक होता.

शेवटी सहदेवने स्वतः अर्ज लिहिला. पट्टी लावून समास आखला आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं की, माझा सन १९८५-८६ चा फॉर्म सोळा मु. पो. खैरोली येथे ग्रामदेवतेपुढे सुस्थितीत आहे, तरी कृपया त्याची दुसरी प्रत मिळावी.

वर्तकबाईंनी तो दोनदा वाचला. त्यांच्याकडे डुप्लिकेटचं एक रजिस्टर होतं, त्यात कारणाचा रकाना होता. आजवरची कारणं त्यांनी सहदेवला वाचून दाखवली: हरवले, फाटले, उंदराने खाल्ले, मुलाने होडी केली. "यात सुस्थितीत कुठे बसवू? वस्तू चांगली आहे, कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे, आणि मी तिची दुसरी प्रत देते. उद्या कोणी विचारलं तर माझ्या बावीस वर्षांचं काय?"

आता गंमत अशी झाली की दोन माणसं एकमेकांसमोर बसली होती, दोघांनाही मदत करायची होती आणि दोघांनाही खोटं लिहायचं नव्हतं. अर्धा तास गेला. मग वर्तकबाईंनीच मार्ग काढला. मूळ प्रत आणा, नाहीतर ती मिळू शकत नाही असं जिच्या ताब्यात आहे तिच्याकडून लेखी आणा.

"जिच्या म्हणजे देवीच्या?"

"ते तुमचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या आणि टाइपरायटरकडे वळल्या.

तेरा जूनला सहदेवने लहू गुरवाच्या नावे तार केली. देवीपुढचा कागद ताबडतोब रजिस्टरने पाठव. स्वतः जाणं शक्य नव्हतं, कारण एका मोठ्या ऑर्डरची जिग, म्हणजे सुटे भाग पकडून धरणारी चौकट, त्याच्याकडे होती आणि त्याच्याशिवाय ती कोणाला जमत नव्हती.

जवळजवळ दोन आठवडे काही आलं नाही. घरी मुलींनी चारकोपच्या खोलीत कोण कुठे झोपणार यावरून चालवलेलं भांडण आपोआप थांबलं. आजी दिवसातून दोनदा सांगायच्या की देवी बघून घेईल, आणि सुगंधा दोन्ही वेळा म्हणायची, पाच जुलैच्या आत बघायला सांगा. एकदा कामावर सहदेवने मायक्रोमीटर हातात घेतला आणि माप न घेताच खाली ठेवला, तेव्हा आम्हाला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

सव्वीस जूनला, गुरुवारी, पत्र आलं. सुगंधा ते घेऊन बसने थेट कारखान्याच्या गेटवर आली. चौदा वर्षांत ती पहिल्यांदाच तिथे आली होती. वॉचमनला तिने सांगितलं की टूलरूमचे पालव, आणि त्यांना सांगा देवीचं पत्र आलंय. तो तसाच निरोप घेऊन आत आला.

पत्र लहू गुरवाने लिहिलं होतं. तार मिळाल्यावर गावकरी देवळात जमले. देवीपुढे ठेवलेली वस्तू तिला न विचारता उचलता येत नाही, म्हणून कौल लावायचं ठरलं. पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या देवीच्या पाषाणाला चिकटवायच्या, उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. विचारलं की सहदेवाला कागद परत पाहिजे, देऊ काय? डावी पडली. काहीतरी चुकलं असेल म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. पुन्हा डावी. सबब कागद मिळू शकत नाही, क्षमा असावी, बाकी इकडील सर्व क्षेम. खाली लहूची सही, गावकऱ्यांचे प्रमुख महादू पालव यांचा अंगठा, आणि पोस्टमास्तरांनी साक्ष म्हणून मारलेला पोस्टाचा गोल शिक्का.

नंदू पत्र वाचून म्हणाला, "वाट लागली."

पण सुगंधा म्हणाली, "का? बाईंनी लेखीच मागितलं होतं ना?"

हे आमच्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. सहदेवने खिशातली पट्टी उगाच काढून परत ठेवली आणि तसाच पगार विभागात गेला. पाठोपाठ सुगंधा, आणि काही काम नसताना मी आणि नंदू.

वर्तकबाईंनी पत्र वाचलं, शिक्का उजेडात धरून पाहिला, आणि रजिस्टर उघडलं. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: मूळ प्रत संबंधितांनी परत देण्यास नकार दिला. सोबत पत्र जोडले आहे. मग टाइपरायटरवर कागद चढवला. दहा मिनिटांत प्रत तयार झाली, वर मोठ्या अक्षरांत डुप्लिकेट.

हमीपत्रावर मात्र पुन्हा गाडी अडली. त्यात छापील वाक्य होतं, मूळ प्रत सापडल्यास ताबडतोब कंपनीस परत करीन. सहदेव म्हणाला, सापडल्यास म्हणजे काय, ती सापडलेलीच आहे. सुगंधाने डोळे मिटून घेतले. वर्तकबाईंनी कपाळाला हात लावला, पण ते वाक्य खोडलं आणि टाइप केलं: मूळ प्रत देवीकडून परत मिळाल्यास. सहदेवने सही केली.

शुक्रवारी कागद अकाउंट्स ऑफिसरच्या सहीला गेले. ते कडक गृहस्थ होते, आणि वर्तकबाई स्वतः समोर उभ्या राहिल्या. नंतर त्यांनीच आम्हाला सांगितलेला संवाद असा. साहेबांनी विचारलं, नकार कोणी दिला? ग्रामदेवतेने, असं बाई म्हणाल्या. साहेबांनी विचारलं, त्यावर अपील आहे का? बाई म्हणाल्या, नाही साहेब. साहेबांनी सही केली.

सोमवारी, तीस जूनला, सहदेव रजा टाकून परळच्या आयकर कार्यालयात गेला. रिटर्न त्याने आधी पेन्सिलीने भरलं होतं, मग शाईने. रांग मोठी होती, खिडकीवरच्या कारकुनाने डुप्लिकेट हा शब्द पाहून सोबत जोडलेली हमीपत्राची नक्कल चाळली, एका ओळीवर थांबला, सहदेवकडे पाहिलं, पुन्हा ओळीकडे पाहिलं, आणि शिक्का मारला. पोच दोन जुलैला बँकेत गेली. ऑगस्टमध्ये चारकोपच्या खोलीची किल्ली मिळाली. सुगंधाने पहिल्या दिवशी नळ सोडला आणि बादली भरून वाहायला लागली तरी बंद केला नाही, असं मोठ्या मुलीने सांगितलं. सहदेवने तो प्रवाह मोजला नसेल यावर माझा विश्वास नाही.

गणपतीला सगळे गावी गेले. देवळात पाऊल टाकलं तर जो तो सहदेवला हसून रामराम करत होता. कारण लवकरच कळलं. शाळेच्या मास्तरांनी तो इंग्रजी कागद मे महिन्यातच सगळ्यांना वाचून दाखवला होता. सहदेवचा वर्षाचा पगार, ओव्हरटाइमसकट, गावातल्या पोरासोरांना पाठ होता. सभामंडपाच्या कौलांसाठी वर्गणी चालू होती. मुंबईकरांपुढे एकावन्न, एकशे एक असे आकडे होते. सहदेवच्या नावापुढे गावकऱ्यांनी परस्पर पाचशे एक घातले होते. त्याने महादूकाकांना विचारलं, माझेच इतके का? काका म्हणाले, "तू कागदार लिहून दिलंस मरे."

त्याने वर्गणी दिली. मग लहू गुरवाला बाजूला घेऊन विचारलं की पाकळी खरंच डावी पडली होती का. लहू त्याला गाभाऱ्याबाहेरच्या कोनाड्याशी घेऊन गेला आणि पत्र्याची पेटी उघडली. पत्रिका, निकाल, मनीऑर्डरींच्या पावत्या. वरच प्लॅस्टिकच्या पिशवीत फॉर्म सोळा, त्यावर नारळाच्या बुडाचा गोल डाग. लहूने तो उचलला आणि खालचं एक पुठ्ठ्याचं कार्ड दाखवलं. गिरणीचा बदली पास, कायम व्हायच्या आधी कामगाराला मिळायचा तो, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण नाव वाचता येत होतं. सहदेवच्या वडिलांचं. शेजारी त्यांच्या अंगठ्याचा ठसा.

"तुझी आवस घेऊन आयलली," लहू पार्वतीआजींबद्दल म्हणाला. "माझो बापूस गुरव होतो तेव्हा. तुझो कागद हेच्यार ठेवलंय. आता वेगळो कसो करू?"

सहदेवने पास हातात घेतला नाही. वडिलांना सही येत नव्हती, सगळं अंगठ्यावरच चालायचं; त्या ठशावर तो वाकला. मग लहूला म्हणाला, झाकण नीट लाव, वाळवी लागता. आणि मुंबईला आल्यावर त्याने टूलरूममधल्या तुकड्यांतून, फोरमनला सांगून, घट्ट बसणाऱ्या झाकणाची एक पेटी बनवून पाठवली. झाकण आणि पेटी यांच्यात कागदही जात नव्हता.

पुढच्या एप्रिलमध्ये फॉर्म सोळा वाटले गेले. सहदेव खिडकीवर गेला तेव्हा वर्तकबाईंनी एक कागद दिला आणि त्याच्या मागे टाचणीने लावलेला दुसरा. म्हणाल्या, "ही तुमची. ही देवीची. यंदा मला पत्र नको."

सहदेवने दोन्ही घरी नेले. चारकोपच्या खोलीत आजींनी दुसरी प्रत डोळ्यांजवळ धरली. इंग्रजी येत नव्हतं, पण वरचा मोठा शब्द वेगळा दिसला, तो काय म्हणून त्यांनी नातीला विचारलं. नातीने सांगितलं.

"देवीक डुप्लिकेट देतंस?" आजी मुलाला म्हणाल्या.

सहदेवचा चेहरा पुन्हा तसा व्हायला लागला, माप न घेता मायक्रोमीटर ठेवला होता त्या दिवसासारखा. मोरीत भांडी घासत असलेल्या सुगंधाने नळ बंद केला, हात पुसले, आणि दोन्ही कागदांतला डुप्लिकेट नसलेला कागद उचलून पिठाच्या डब्यात टाकला.

"देवीला रिटर्न भरायचं नाही, आये," ती म्हणाली. "तिला चालेल."